विषाणू स्वतः काहीच करत नाही

दाराच्या कडीवर पडलेला फ्लूचा विषाणू तिथे काय करत असतो? काहीच नाही. तो खात नाही, श्वास घेत नाही, वाढत नाही, सरकत नाही. दबा धरून तर मुळीच बसलेला नसतो. काही तास, फार तर एक-दोन दिवस तो तसाच पडून राहतो, सुकतो, त्याची प्रथिने विस्कटतात आणि तो निकामी होतो. मधल्या काळात कोणी त्या कडीला हात लावला आणि तोच हात नाकाला लावला, तर पुढचे सगळे घडते. आणि त्या पुढच्या घडामोडींतही बहुतेक कामे विषाणू करत नाही, आपली पेशी करते.

विषाणूंबद्दल लिहिताना 'हल्ला', 'शत्रू', 'घुसखोर' हे शब्द इतके सहज येतात की हा मुद्दा बाजूलाच राहतो. 'विषाणू पेशीचा ताबा घेतो' हे वाक्य तर सगळ्यांच्या तोंडी आहे. ताबा घेतो म्हणजे नेमके काय होते, हे कळायला इन्फ्लुएन्झाच्या, म्हणजे खऱ्या फ्लूच्या, एकाच कणाच्या मागे जाऊ. त्याची एकेक पायरी बारकाईने अभ्यासलेली आहे.

आधी मापे. हा कण साधारण 100 नॅनोमीटरचा. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरातली पेशी सुमारे 10,000 नॅनोमीटर रुंद असते. ही पेशी 4 मीटरच्या खोलीएवढी मोठी करून पाहिली, तर विषाणू टेबल टेनिसच्या चेंडूएवढा होईल. त्याच मापाने आतड्यातला एखादा जीवाणू 80 सेंटिमीटर लांब भरेल, आणि पेशीत प्रथिने बनवणारे रायबोझोम जेमतेम 1 सेंटिमीटरचे. अशी लाखो रायबोझोम त्या खोलीत खच्चून भरलेली असतात. चेंडूत एकही नसते. पुढची सगळी गोष्ट या फरकावर उभी आहे.

विषाणूत असते तरी काय? बाहेरून स्निग्ध पदार्थाचे पातळ आवरण. हे आवरणही त्याचे स्वतःचे नाही, आधी ज्या पेशीतून तो बाहेर पडला तिच्या पटलाचा तो तुकडा असतो. त्यातून बाहेर आलेली काही शे प्रथिने, मुख्यतः दोन प्रकारची: हिमॅग्लुटिनिन आणि न्यूरॅमिनिडेज. आत आरएनएचे, म्हणजे डीएनएसारख्याच, आज्ञा लिहिलेल्या साखळीरूप रेणूचे, 8 वेगवेगळे तुकडे, सगळे मिळून सुमारे 13,500 अक्षरे (साखळीतला एकेक दुवा म्हणजे एक अक्षर). आपल्या जनुकसंचात 300 कोटींहून जास्त अक्षरे आहेत. प्रत्येक आरएनए तुकड्याला त्याची नक्कल करणारे एक एन्झाइम चिकटलेले असते. ऊर्जा तयार करायची सोय नाही, प्रथिने बनवायची सोय नाही.

आत जाणे

नाकातल्या ओलाव्यात कण इकडेतिकडे ढकलला जातो. पाण्याच्या रेणूंचे धक्के बसतील तिकडे जातो, पेशी 'शोधणे' वगैरे त्याच्या हातात नाही. अशा धक्क्यांत तो पेशीच्या पृष्ठभागावर आपटला, की तिथल्या प्रथिनांना लटकलेल्या शर्करेच्या साखळ्यांशी त्याची गाठ पडते. या साखळ्यांच्या टोकाला बहुधा सायॅलिक आम्ल असते. हिमॅग्लुटिनिनच्या डोक्यावर एक खळगा असतो आणि त्यात सायॅलिक आम्ल बसते. एकेक पकड तशी कमकुवतच, पण अनेक हिमॅग्लुटिनिन एकदम धरतात तेव्हा कण सुटत नाही.

सायॅलिक आम्ल शेजारच्या शर्करेला कोणत्या कोनात जोडलेले आहे, यावरून कोणाला कोणता फ्लू होणार हे बरेचसे ठरते. माणसाच्या नाका-घशात एका प्रकारची जोडणी जास्त आढळते, पक्ष्यांच्या आतड्यात दुसऱ्या प्रकारची. बर्ड फ्लूच्या विषाणूचा खळगा पक्ष्यांच्या जोडणीला बेतलेला असतो. तशी जोडणी माणसात आहे, पण मुख्यतः फुफ्फुसात खोलवर. म्हणून एच5एन1 हा बर्ड फ्लू माणसाला झाला तर आजार गंभीर होऊ शकतो, पण खोकल्या-शिंकेतून तो एकाकडून दुसऱ्याकडे सहज जात नाही. (हे एकमेव कारण नाही, पण मोठे कारण आहे.) विषाणूंच्या बाबतीत 'याला होतो, त्याला होत नाही' याचा उगम अनेकदा अशा एखाद्या रेणूच्या जोडणीत असतो. एचआयव्हीला आत शिरायला सीडी4 आणि बहुधा सीसीआर5 अशी दोन प्रथिने लागतात. ज्या थोड्या लोकांना सदोष सीसीआर5 जनुक आईकडूनही मिळते आणि वडिलांकडूनही, त्यांना एचआयव्हीची लागण सहसा होत नाही.

पुन्हा फ्लूकडे. पेशीच्या बाहेर चिकटून काही उपयोग नाही, आत जावे लागते. इथे पेशी आपल्या नेहमीच्या सवयीने वागते. बाहेरचे अन्नघटक, संप्रेरके, वापरून झालेली प्रथिने आत घेण्यासाठी ती आपले पटल जागोजागी आत ओढून छोट्या पिशव्या तयार करत असते, दिवसरात्र. विषाणू चिकटलेल्या जागीही ती तेच करते. पिशवी तुटून आत येते, पेशीच्या अंतर्गत तंतूंवरून केंद्रकाच्या दिशेने ओढली जाते आणि वाटेत पेशी तिच्यात हायड्रोजनचे आयन भरून तिला आम्लधर्मी करत जाते. आत घेतलेला माल पचवण्याची ही रीत आहे.

पीएच (आम्लतेचे माप, आकडा कमी तितके आम्ल जास्त) 5 ते 5.5 पर्यंत उतरला की हिमॅग्लुटिनिनचा आकार बदलतो. तोवर त्याच्या पोटात दुमडून ठेवलेला एक भाग सरळ ताठ होतो आणि टोकाचा तेलकट तुकडा सुमारे 10 नॅनोमीटर लांब फेकला जाऊन पिशवीच्या भिंतीत रुततो. मग तेच प्रथिन मधोमध पुन्हा दुमडते. एक टोक पिशवीत, दुसरे विषाणूच्या आवरणात, त्यामुळे दोन्ही पटले एकमेकांवर ओढली जातात आणि एकजीव होतात. तोंड उघडते. एवढ्यात विषाणूच्या आवरणातल्या एम2 नावाच्या बारीक नळीतून आम्ल आतही पोचलेले असते, त्याने आरएनएचे तुकडे मोकळे झालेले असतात. ते पेशीत सांडतात.

या सगळ्यात ऊर्जा कोणाची खर्च झाली? पिशवी पेशीने केली, ओढली पेशीने, आम्ल भरले पेशीने. हिमॅग्लुटिनिनमध्ये ताण साठलेला होता हे खरे, पण तोही ते प्रथिन आधीच्या पेशीत घडले तेव्हाचा. त्याला एक बारीक काप दिल्याशिवाय ते आम्लाला दादच देत नाही, आणि विषाणूकडे तो काप देणारे एन्झाइम नाही. माणसाच्या श्वासमार्गातली एन्झाइमे तो काप देतात. म्हणून साधा फ्लू श्वासमार्गापुरताच राहतो. कोंबड्यांचे कळपच्या कळप मारणाऱ्या बर्ड फ्लूच्या प्रकारांत कापाची जागा अशी बदललेली असते की शरीरातल्या जवळपास कुठल्याही पेशीतले एन्झाइम ती कापू शकते. फरक अवघ्या काही अमिनो आम्लांचा, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतल्या मोजक्या दुव्यांचा, पण आजार सगळ्या अवयवांत पसरतो.

आतले काम

आरएनएचे तुकडे केंद्रकात जायला हवेत. केंद्रकाच्या छिद्रांवर पेशीची वाहतूक प्रथिने असतात. आत न्यायच्या प्रथिनांवर ठरावीक अमिनो आम्लांची एक खूण असते, ती पाहून ती माल आत नेतात. विषाणूच्या आरएनएला गुंडाळलेल्या प्रथिनांवर तीच खूण आहे. पेशी ती ओळखते आणि माल आत पोचवते.

आता रायबोझोमला वाचता येईल असा संदेश हवा. आपल्या पेशीत संदेशवाहक आरएनएच्या सुरुवातीला एक रासायनिक टोपी बसवलेली असते. टोपी नसेल तर रायबोझोम तो संदेश सहसा वाचत नाही. फ्लूच्या विषाणूला टोपी तयार करता येत नाही. त्याचे एन्झाइम पेशीचे ताजे संदेश पकडते, टोपीसकट पहिली 10 ते 13 अक्षरे छाटते आणि तो तुकडा आपल्या संदेशाच्या सुरुवातीला लावते. एका छाटणीत दोन कामे होतात: विषाणूचा संदेश चालू लागतो आणि पेशीचा बाद होतो. मला विचाराल तर या संपूर्ण विषयातली सगळ्यात सुंदर चोरी हीच. बॅलोक्साविर हे फ्लूवरचे औषध याच छाटणीला अडवते. जपानमध्ये 2018 मध्ये त्याला मान्यता मिळाली.

पुढे रायबोझोम आपले काम करतात. संदेश कोणाचा, हे पाहायची त्यांना सोय नाही. हिमॅग्लुटिनिन, न्यूरॅमिनिडेज, नक्कल करणारी एन्झाइमे अशी दहा-बारा प्रकारची प्रथिने ढिगाने तयार होतात, आरएनएच्या नकला निघतात. सगळे पेशीपटलाशी जमते. पटलाला फुगवटा येतो, आठही तुकडे त्यात शिरतात, फुगवटा तुटून नवा कण सुटतो. सुटतो म्हणजे लगेच अडकतो, कारण बाहेर सायॅलिक आम्ल आहेच आणि हिमॅग्लुटिनिन त्याला धरणारच. इथे न्यूरॅमिनिडेज लागते. ते सायॅलिक आम्ल छाटून कणाला मोकळे करते. ओसेल्टामिविर हे औषध न्यूरॅमिनिडेजला निकामी करते, त्यामुळे नवे कण पेशीवरच अडकून पडतात. ताप आल्यावर पहिल्या दोन दिवसांत ते सुरू करायला सांगतात ते यामुळेच. एकदा कण सर्वत्र पसरले की त्यांना जागीच अडकवून ठेवण्यात फारसा अर्थ उरत नाही.

पहिला कण आत शिरल्यापासून नवे कण बाहेर पडायला सहा ते आठ तास पुरतात. एका पेशीतून शेकडो ते हजारो कण निघतात. त्यातले बरेच अर्धवट असतात, कोणात एखादा तुकडा कमी तर कोणात एखादे प्रथिन सदोष. विषाणूचे उत्पादन अतिशय गचाळ असते.

विषाणू नाहीसा होतो तो काळ

वर सांगितलेल्या गोष्टीत एक टप्पा असा आहे की विषाणू नावाची वस्तू अस्तित्वातच नसते. हे प्रथम नीट दिसले ते जीवाणूंना होणाऱ्या विषाणूंमध्ये, म्हणजे फाजमध्ये. आतड्यातल्या ई. कोलाय जीवाणूला टी प्रकारच्या फाजची लागण केली आणि पहिल्या दहाएक मिनिटांत जीवाणू फोडून पाहिले, तर आत एकही संसर्गक्षम विषाणू सापडत नाही. आधी टाकलेलेही नाहीत. मग एकाएकी ते दिसू लागतात आणि अर्ध्या तासाच्या आत जीवाणू फुटून शंभर-दोनशे बाहेर पडतात. विषाणू पेशीत शिरून मोठा होत नाही, त्याची दोन पिल्लेही होत नाहीत. तो सुटा होतो, आणि त्याच्या आज्ञांवरून पेशी नवे कण सुट्या भागांतून जुळवते.

1952 मध्ये आल्फ्रेड हर्शी आणि मार्था चेस यांनी याचा कस लावला. फाजमध्ये प्रथिन आणि डीएनए दोनच गोष्टी. प्रथिनात गंधक असते, डीएनएत नसते. डीएनएत फॉस्फरस असतो, या प्रथिनांत नसतो. त्यांनी एका खेपेला किरणोत्सारी गंधक आणि दुसऱ्या खेपेला किरणोत्सारी फॉस्फरस वापरून फाज वाढवले, जीवाणूंवर सोडले आणि थोड्या वेळाने सगळे मिश्रण ब्लेंडरमध्ये घुसळून बाहेर चिकटलेले कण झटकून टाकले. गंधक बहुतांशी बाहेर राहिले, फॉस्फरस आत गेला होता. म्हणजे आत गेलेला डीएनए पुढच्या पिढीसाठी पुरेसा होता, कवच बाहेर रिकामे राहिले तरी चालत होते.

याच्याही पुढची गोष्ट पोलिओची. 1991 मध्ये एकार्ड विमर यांच्या प्रयोगशाळेत मानवी पेशी फोडून त्यांचा रस काढला. केंद्रके काढून टाकली. त्यात पोलिओ विषाणूचा नुसता आरएनए घातला. काही तासांनी त्या रसात संसर्ग करू शकणारे पोलिओचे विषाणू तयार झालेले होते. नळीत एकही जिवंत पेशी नव्हती, सुरुवातीला एकही विषाणूकण नव्हता. 2002 मध्ये त्याच गटाने आरएनएही विषाणूकडून न घेता, माहीत असलेल्या सुमारे 7,500 अक्षरांच्या क्रमावरून डीएनए जुळवून त्यावरून बनवला, आणि तरीही पोलिओ तयार झाला.

'विषाणू सजीव की निर्जीव' या वादात मला म्हणूनच फारसा रस नाही. वेंडेल स्टॅन्ली यांनी 1935 मध्ये तंबाखूच्या पानांवर डाग पाडणाऱ्या विषाणूचे स्फटिक मिळवले, आणि ते पाण्यात विरघळवून पानावर चोळले की पानाला पुन्हा रोग होई. बाटलीत ते एखाद्या रसायनासारखे, पानात रोगासारखे. कोणत्या जागी तो आहे, त्यावर उत्तर ठरते.

ताप कोणाचा?

फ्लूमध्ये अंग मोडून येते, हुडहुडी भरते, डोके ठणकते. विषाणू मात्र श्वासमार्गाच्या अस्तराबाहेर सहसा गेलेलाही नसतो. मग मांड्या का दुखतात?

1957 मध्ये लंडनमध्ये ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमन यांनी फ्लूचा विषाणू आणि कोंबडीच्या अंड्यातले पटल वापरून केलेल्या प्रयोगांत एक पदार्थ सापडला. लागण झालेल्या पेशी तो सोडतात आणि शेजारच्या पेशींना सावध करतात. त्याला इंटरफेरॉन म्हणतात. सावध झालेली पेशी प्रथिने बनवायचा वेग उतरवते, परका आरएनए तोडणारी एन्झाइमे तयार ठेवते. पुढे काविळीच्या काही प्रकारांवर इंटरफेरॉन औषध म्हणून टोचले जाऊ लागले, तेव्हा रुग्णांना ताप, अंगदुखी, थकवा असा अगदी फ्लूसारखा त्रास होऊ लागला. शरीरात फ्लूचा एकही विषाणू नसताना. आजारपण म्हणून आपण जे भोगतो त्यातला मोठा वाटा आपल्याच शरीराच्या प्रतिकाराचा असतो. सगळा नव्हे. विषाणूने मारलेल्या पेशींमुळे श्वासमार्गाचे अस्तर सोलवटते आणि तिथे जीवाणूंना वाव मिळतो, हे नुकसान खरेच आहे.

त्या जीवाणूंवर अँटिबायोटिक चालते, विषाणूवर नाही. पेनिसिलिन जीवाणूची पेशीभित्ती बांधू देत नाही, आणखी काही अँटिबायोटिके जीवाणूच्या रायबोझोमला जाम करतात, जी आपल्या रायबोझोमपेक्षा वेगळी असतात. विषाणूला भित्ती नाही, आणि रायबोझोम तर आपलीच वापरतो. ती बंद करायची तर आपण बंद पडू. त्यामुळे विषाणूविरोधी औषध शोधायचे म्हणजे त्याच्या मोजक्या स्वतःच्या प्रथिनांपैकी एखादे गाठायचे. नागिणीवरचे आणि ओठांवरच्या हर्पिसवरचे ॲसिक्लोविर याचा नमुना आहे. ते गोळीतून जाते तेव्हा निष्क्रिय असते. हर्पिस कुळातल्या विषाणूंचे स्वतःचे एक एन्झाइम त्याला फॉस्फेट जोडते, मगच ते डीएनएची नक्कल तोडणारे रूप घेते. ज्या पेशीत विषाणू नाही, तिथे ते जवळपास निरुपद्रवी राहते.

नागिणीचा विषय निघालाच आहे तर सांगतो: कांजिण्या बऱ्या होतात पण त्यांचा विषाणू जात नाही. मज्जारज्जूलगतच्या चेतापेशींत त्याचा डीएनए कित्येक दशके पडून राहतो, कण न बनवता. वय वाढून प्रतिकार मंदावला की तोच नागीण होऊन त्वचेवर येतो. एचआयव्ही याहून पुढे जातो. तो आपल्या आरएनएवरून डीएनए बनवतो आणि पेशीच्या गुणसूत्रात कायमचा जोडून देतो, म्हणून आजची औषधे त्याला दाबतात, उखडत नाहीत. आरएनएवरून डीएनए बनवणारे एन्झाइम 1970 मध्ये हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे शोधले. अशा प्राचीन विषाणूंचे अवशेष आपल्या जनुकसंचाच्या सुमारे 8 टक्के आहेत. त्यातल्या एका जनुकाचे प्रथिन, सिंसायटिन, आज वारेत (प्लासेंटात) पेशी एकमेकींत मिसळण्याचे काम करते. एके काळी विषाणूचे आवरण पेशीत मिसळवण्यासाठी असलेले प्रथिन आता गर्भाला पोसण्याच्या कामी येते.

राहता राहिला प्रश्न दरवर्षी नवा फ्लू का येतो याचा. आरएनएची नक्कल करणारे विषाणूचे एन्झाइम लिहिलेले तपासत नाही. 10,000 ते 1,00,000 अक्षरांमागे त्याची एक चूक होते, आणि एकूण अक्षरेच 13,500. म्हणजे अनेक नकलांत कुठे ना कुठे एखादे अक्षर बदललेलेच. बहुतेक बदल विषाणूलाच मारक ठरतात, पण हिमॅग्लुटिनिनचा चेहरा थोडासा बदलणारा एखादा टिकतो आणि गेल्या वर्षीच्या प्रतिपिंडांना तो ओळखू येत नाही. त्यातून आठ सुटे तुकडे. एकाच पेशीत दोन वेगळे फ्लू शिरले तर तुकड्यांची अदलाबदल होते. 1957, 1968 आणि 2009 च्या जागतिक साथी अशा अदलाबदलीतून आलेल्या विषाणूंच्या होत्या.

आता माझ्याच शीर्षकाला छेद देणारी एक गोष्ट. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या एका शीतकरण मनोऱ्याच्या पाण्यात अमिबाच्या आत सापडलेली एक वस्तू बरीच वर्षे जीवाणू समजून ठेवलेली होती. 2003 मध्ये तो विषाणू असल्याचे जाहीर झाले: मिमिव्हायरस. साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसेल एवढा मोठा, डीएनए सुमारे 12 लाख अक्षरांचा. प्रथिने बनवण्याच्या यंत्रणेतले काही भागसुद्धा त्याच्या जनुकांत आहेत, जे विषाणूत असतील असे कोणाला वाटले नव्हते. 2008 मध्ये त्याच्या एका नातलगासोबत स्पुटनिक नावाचा छोटा विषाणू सापडला. अमिबाच्या आत मोठ्या विषाणूने नकला काढायला जी जागा मांडलेली असते, तिच्यावरच स्पुटनिक पोसला जातो, आणि तो असला की मोठ्या विषाणूचे कण कमी आणि वेडेवाकडे निपजतात. इतके सगळे बाळगूनही मिमिव्हायरस रायबोझोम मात्र अमिबाचेच वापरतो. स्वतःच्या जनुकांवरून पूर्ण रायबोझोम घडवणारा विषाणू आजवर सापडलेला नाही.